लोहाचा हिशेब आणि उंदीर

विदर्भातल्या नरखेड तालुक्यात कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात ‘रक्त कमी आहे’ हे शब्द कानावर पडतातच. ‘ॲनिमिया मुक्त भारत’ योजनेत किशोरवयीन मुलींना आठवड्याला एक निळी गोळी मिळते; तीत ६० मिलिग्रॅम लोह असते. पुष्कळजणींना ती लागू पडते. पण विदर्भात सिकलसेलचा आजारही आहे. त्यात तांबड्या पेशी लवकर फुटतात म्हणून रक्त उतरते, आणि वारंवार रक्त चढवावे लागले की त्यातलेच लोह यकृतात साचत जाते. दोन मुलींच्या हिमोग्लोबिनचा आकडा सारखा, दुखणे मात्र वेगळे. हा गुंता एकेक धागा सुटा करून पाहायचा, तर उंदराकडे वळावे लागते.

लोहाच्या अभ्यासाला कलाटणी मिळाली ती अनपेक्षितपणे. २००१ साली पॅरिसमध्ये सोफी व्होलाँ यांच्या गटाकडे यूएसएफ-२ हे जनुक निकामी केलेले उंदीर होते. अभ्यास साखरेच्या चयापचयाचा होता. त्या उंदरांची यकृते लोहाने भरलेली निघाली, कारण शेजारचे, हेप्सिडिन या यकृतातल्या रेणूचे जनुक बंद पडले होते. पुढच्याच वर्षी उलटा प्रयोग झाला. हेप्सिडिन जास्त बनवणारी पिल्ले जन्मतःच पांढरीफटक होती, आणि बहुतेक काही तासांतच दगावली. आतड्यातून किती लोह रक्तात जाऊ द्यायचे, हे यकृतातून येणारा हा लहानसा रेणू ठरवतो, हे असे कळले. गोळी रोज द्यावी की दिवसाआड, ही आजची चर्चाही त्यावरच उभी आहे: एका गोळीनंतर हेप्सिडिन वाढते आणि दुसऱ्या दिवशीचे लोह कमी शोषले जाते.

माझा लोभ मात्र ‘मास्क’ उंदरावर. त्याच्या अंगावरचे केस गळतात, तोंडाडोक्यावरचे राहतात. टीएमपीआरएसएस-६ हे जनुक बिघडल्याने त्याचे हेप्सिडिन चढेच राहते आणि खाण्यातले लोह पुरेसे आत शिरत नाही. २००८ साली हा उलगडा झाला, आणि त्याच वर्षी माणसांतही तोच बिघाड सापडला. नेमाने गोळ्या घेऊनही ज्यांचे रक्त वाढत नाही, उलट ‘गोळ्या फेकत असशील’ असे ऐकावे लागते, अशा काही मुलांची बाजू त्यामुळे खरी ठरते.

नव्या अभ्यासकाने एक सांभाळावे. उंदराची तांबडी पेशी सुमारे ४० दिवस जगते, आपली १२०. आपण अन्नातून रोज जेमतेम १-२ मिलिग्रॅम लोह शोषून घेतो, बाकी जुन्या पेशींतलेच पुन्हा वापरतो. उंदराची भिस्त आहारावर अधिक. त्यात प्रयोगशाळेच्या नेहमीच्या खाद्यात गरजेपेक्षा पुष्कळ जास्त लोह असते, त्यामुळे सौम्य कमतरता झाकली जाते. म्हणून शोधनिबंध हाती आला की आधी पद्धतीचे पान काढा, उंदराचा वाण, नर-मादी आणि खाद्यातले लोह पाहा, आणि मग आलेखांकडे या.