मागे राहिलेलं पिल्लू : ‘कमी वाढ’ या शब्दाचा इतिहास

संशोधनाची तयारी करणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, आज एका अगदी साध्या प्रश्नापासून सुरुवात करू. एका कोंबडीने बारा पिल्लं काढली. दीड महिन्याने त्यातली दहा चांगली धरली, दोन मात्र अजून मुठीएवढीच आहेत. आपण सहज म्हणतो, ‘ही दोन मागे पडली.’ कुणाच्या मागे? आणि किती दिवसांत किती वाढायला हवं, हे ठरवलं कुणी?

हा प्रश्न पशुवैद्यकाचा आहे असं वाटेल. पण नीट बघितलं तर तो इतिहासाचाही आहे. ‘मागे’ म्हणायला आधी एक घड्याळ लागतं आणि ते घड्याळ कोंबडीच्या आयुष्यात बरंच उशिरा आलं. आजची पोस्ट त्याबद्दल.

अंगणातला काळ

गोंदिया जिल्ह्यातलं कोहमारा डोळ्यासमोर आणा. सडक-अर्जुनी तालुक्यातलं हे गाव. नागपूर-रायपूर महामार्गाला गोंदियाहून येणारा रस्ता इथे मिळतो. भोवती धानाची शेती आणि तलाव, जवळच नवेगाव-नागझिऱ्याचं जंगल. या पट्ट्यात कोंबड्या पाळण्याची जुनी रीत तुमच्यापैकी अनेकांनी घरीच पाहिली असेल. कोंबडी खुडूक झाली की तिच्याखाली अंडी ठेवायची. एकविसाव्या दिवसाच्या आगेमागे पिल्लं निघतात. दिवसा ती आईमागे उकरत फिरतात, वर थोडी कनकी, कोंडा, मिळाली तर वाळवी. रात्री डाल्याखाली झाकायची.

या अंगणात एकाच वेळी दोन-तीन कोंबड्यांची वेगवेगळ्या वयाची पिल्लं असतात. लहान पिल्लू दिसलं की ते उशिरा जन्मलेलं आहे की खरंच खुरटलंय, हे फक्त घरातल्या बाईला माहीत असतं. ती त्याला ओळखते, वेगळं दाणापाणीही करते. पण त्याने अमुक तारखेला किलोभर व्हावं, अशी अट तिथे नसते. गावरान कोंबडीला किलोभर व्हायला पाच-सहा महिने लागतातच. पाहुणा आला, औषधपाण्याला पैसे लागले, की त्या वेळी जी तयार असेल ती विकली किंवा कापली जाते. मागे राहिलेल्या पिल्लाला आणखी दोन महिने मिळाले, तर कुणाचं फार बिघडत नाही.

याच मातीत असीलसारखी जातही आहे. ती सावकाश वाढते, उशिरा वयात येते, आणि तरीही तिच्या कोंबड्याला साध्या कोंबड्यापेक्षा जास्त भाव मिळतो. म्हणजे सावकाश वाढणं हा दोष आहे, हे इथे कुणी गृहीतच धरलेलं नव्हतं.

घड्याळ आलं कुठून?

आता थोडं लांब जाऊ, कारण हे घड्याळ बाहेर तयार झालं.

पिल्लांची तुलना करायची तर ती एकाच दिवशी जन्मलेली हवीत. कोंबडीखाली दहा-बारा अंडी मावतात. उबवणी यंत्रात हजारो मावतात. अमेरिकेत १८७९ च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या पेटालुमा इथे लायमन बाइस यांनी असं यंत्र चालवून दाखवलं आणि ते गाव पुढे कोंबड्यांच्या धंद्यासाठीच ओळखलं गेलं. अंड्यातून निघण्याआधी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेतं, त्यामुळे दोन-तीन दिवस त्याला दाणापाणी नसलं तरी चालतं. याचा फायदा घेऊन एक दिवसाची पिल्लं खोक्यात घालून लांब पाठवण्याची प्रथा सुरू झाली. १९१८ मध्ये अमेरिकन टपाल खात्याने ती रीतसर स्वीकारायला सुरुवात केली. एकाच वयाची शेकडो पिल्लं एका छपराखाली येऊ लागली ती अशी.

१९२३ मध्ये डेलावेअरमधल्या सेसिल स्टील या बाईंनी ५० पिल्लं मागवली आणि चुकून ५०० आली. त्यांनी ती परत न पाठवता वाढवली. ३८७ जगली आणि मांसासाठी चांगल्या भावाने विकली गेली. ब्रॉयलर धंद्याच्या इतिहासात ही गोष्ट नेहमी सांगितली जाते. तुम्ही मात्र त्यातल्या हिशोबाकडे बघा. आता कळप एकदम विकायचा आहे, म्हणजे सगळ्यांनी एका दिवशी तयार व्हायला हवं. ‘मागे राहिलेलं पिल्लू’ ही अडचण खऱ्या अर्थाने इथे जन्माला येते.

१९४० च्या दशकात ‘उद्याची कोंबडी’ नावाची स्पर्धाच अमेरिकेत भरली. तिचा अंतिम निकाल १९४८ ला लागला. जास्त मांस आणि जलद वाढ यांवर गुण होते. पुढे निवड याच दिशेने होत राहिली.

किती फरक पडला? कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाचा २०१४ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग बघा. १९५७ आणि १९७८ पासून निवड न करता जपलेले दोन वाण आणि २००५ चा ब्रॉयलर, तिन्ही एकाच खाद्यावर, एकाच व्यवस्थेत वाढवले. ५६ दिवसांनी सरासरी वजनं होती ९०५ ग्रॅम, १८०८ ग्रॅम आणि ४२०२ ग्रॅम. आता सांगा, ९०५ ग्रॅमचा पक्षी खुरटलेला आहे का? तो निरोगी आहे, त्याच्या काळात तर तो चांगलाच मानला गेला असता. पक्षी तोच राहिला आणि मोजपट्टी पुढे सरकली.

मोजपट्टी महाराष्ट्रात

१९७१ मध्ये बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली आणि पुढे पुणे हे देशातल्या कुक्कुट उद्योगाचं मोठं केंद्र झालं. नंतर कराराने कोंबड्या वाढवण्याची पद्धत पसरली. कंपनी पिल्लं, खाद्य, औषध देते. शेतकरी शेड, पाणी, वीज, मेहनत देतो. साधारण पाच-सहा आठवड्यांत बॅच उचलली जाते आणि मोबदला सरासरी वजन, खाद्य किती खर्ची पडलं आणि मर किती झाली यांवर ठरतो.

या हिशोबात खुरटलेलं पिल्लू दोन्हीकडून नुकसान करतं. खाद्य खातं आणि सरासरी खाली ओढतं. शेडमध्ये त्याला आणखी दोन महिने देणारं कुणी नसतं. म्हणून छाटणी.

इथे लगेच ‘गाव दयाळू, कंपनी क्रूर’ असा निष्कर्ष काढू नका. छाटणीमागे रोगाचाही इतिहास आहे. लिओ रेटगर यांनी १९०० च्या सुमारास पिल्लांच्या पांढऱ्या हगवणीचा जीवाणू शोधला. त्यातून वाचलेली काही पिल्लं खुरटी राहतात. पुढे मोठी झालेली कोंबडी वरून धडधाकट दिसते, पण रोग अंड्यातून पुढच्या पिढीत उतरवते. १९१३ पासून रक्ततपासणीने अशा कोंबड्या ओळखता येऊ लागल्या. म्हणजे जीव लावून वाचवलेलं पिल्लू पुढे अंडी उबवायला वापरलं तर सगळा कळप बुडू शकतो. उलट थंडी लागली, गर्दीत खाद्यापर्यंत पोचता आलं नाही, मोठ्यांनी टोचून हाकललं, एवढ्यानेच मागे पडलेलं पिल्लू वेगळं ठेवून ऊब आणि पोटभर खाणं दिलं की बऱ्याचदा भरून निघतं. दोन्ही पिल्लं दिसायला सारखी. फरक कारणात असतो, वजनात तो दिसत नाही.

मधला रस्ता

परसातल्या कोंबडीसाठी हैदराबादच्या कुक्कुट प्रकल्प संचालनालयाने वनराजा आणि ग्रामप्रिया हे वाण तयार केले. गावरानपेक्षा वाढ जलद, अंडी जास्त. पण या कोंबड्या सहसा खुडूक बसत नाहीत. मग पुढची पिल्लं मिळवायला एकतर गावरान कोंबडीची ऊब घ्यायची किंवा पुन्हा बाहेरून पिल्लं आणायची. आणि एकाच अंगणात वनराजा आणि गावरान पिल्लं फिरू लागली, की कालपर्यंत ठीक असलेलं गावरान पिल्लू एकाएकी ‘मागे’ दिसू लागतं. सगळीकडे असंच झालं असंही नाही. फ्रान्समध्ये १९६५ पासून ‘लेबल रूज’ कोंबडी विकली जाते. ती किमान ८१ दिवस वाढवावीच लागते आणि गिऱ्हाईक त्या संथपणाचे जास्त पैसे मोजतं. आपल्याकडे ‘गावरान’ शब्दाला मिळणारा भाव त्याच जातीचा.

तुमच्या कामासाठी

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात ८५ कोटींहून जास्त कुक्कुट पक्षी मोजले गेले. त्यातले सुमारे ३१.७ कोटी परसातले होते आणि आधीच्या गणनेपेक्षा परसातली संख्या जवळपास ४६ टक्क्यांनी वाढली होती. पण गणना डोकी मोजते. कुणाची वाढ कुणाच्या तुलनेत कमी ठरली आणि त्या पिल्लाचं पुढे काय झालं, ते तिथे सापडणार नाही.

त्यासाठी कोहमाऱ्यासारख्या गावात जावं लागेल. तिथे गेलात तर ‘किती दिवसांत किती वजन?’ असं विचारू नका. या प्रश्नातच शेडचं घड्याळ आहे आणि समोरची बाई तुम्हाला बरं वाटावं म्हणून एखादा आकडा सांगून टाकेल. त्याऐवजी विचारा : ही कोंबडी कोणत्या सणाच्या वेळची? हिच्या सोबतची कुठे गेली? लहान राहिलेलं पिल्लू तुम्ही कशावरून ओळखता, आणि त्याचं काय करता? त्या कोंबडीचे पैसे कुणाच्या हातात आले? मग शेडवाल्या शेतकऱ्याकडे जा आणि त्याच्या बॅचच्या नोंदवहीत छाटणीचा रकाना आहे का, तो कोण भरतं, ते बघा.

आणि हीच सवय तुमच्या स्वतःच्या विषयालाही लावा. ‘मागास तालुका’, ‘कमी उत्पादकता’, ‘गळती झालेले विद्यार्थी’ असे शब्द प्रस्तावात लिहिताना प्रत्येकासमोर तीन गोष्टी मांडा : तुलना कुणाशी आहे, ती मोजपट्टी कोणत्या साली आणि कुणाच्या हिशोबासाठी बनली, आणि तिच्या आधी लोक याच गोष्टीला काय म्हणत होते. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सहसा छापील कागदात नसतं, म्हणून क्षेत्रकार्याचे दिवस आखताना त्यासाठी सगळ्यात जास्त वेळ राखून ठेवा.