मेसमधला पेग आणि तोंडाचा वास

मुंबई दारूबंदी कायदा 1949 चा. एफ. एन. बलसारा यांनी त्याला आव्हान दिलं, त्यात एक मुद्दा आम्हा फौजींचा होता. मेसमध्ये चालतं, ते बाहेरच्या नागरिकाला गुन्हा का? 1951 साली सुप्रीम कोर्टाने फौजेची सवलत कायम ठेवली. फौजेची राहणी आणि शिस्त वेगळी, म्हणून. मी वर्षानुवर्षं मेसमध्ये बसलोय, तरी प्रश्न मला रास्तच वाटतो.

खरी गोम अंमलबजावणीत. पेसिकाका खटल्यात मुख्य पुरावा तोंडाच्या वासाचा. (वास मोजायचा कुणाच्या नाकाने?) आरोपी म्हणाला, औषधी टॉनिक घेतलं होतं. 1954 मध्ये कोर्टाने ठरवलं, सिद्ध करणं सरकारचं काम. मग 1959 च्या दुरुस्तीने रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल ही रेघ आखली. ती ओलांडली, की औषधाचा पुरावा आरोपीनेच द्यायचा.