सालदार मिळेना, ही बातमी मी वीस वर्षं लिहिली. सालदाराला मात्र कधी विचारलं नाही

आखाजी जवळ आली की आमच्या धंद्यात एक बातमी ठरलेली असते. "सालदार मिळेना, शेतकरी हैराण." दोन शेतकऱ्यांची मतं, यंदाचा दर, गेल्या सालाचा दर, सोबत बैलजोडीचा फोटो. झालं काम. जळगाव-धुळ्याकडच्या कुठल्याही वार्ताहराला ही बातमी झोपेतही लिहिता येईल. मी स्वतः वीसेक वर्षं लिहितोय.

यंदा ती छापून आली त्याच दिवशी स्टँडजवळच्या टपरीवर एक गृहस्थ भेटले. पन्नाशीचे असतील. त्यांचे वडील आमच्याच शिवारात सालदार होते. पेपरची घडी पुढं करून म्हणाले, "समदं लिखं भाऊ तुम्हीन. पन आम्हले कोनी इचारं?"

मी हसून वेळ मारून नेली. चहाचे पैसेही त्यांनीच दिले. पण घरी आल्यावर चैन पडेना. माळ्यावर आजोबांच्या जुन्या चोपड्या आहेत, त्या खाली काढल्या.

लाल कापडाची चोपडी. आखाजी ते आखाजी हिशेब. इतके पायली ज्वारी, इतके रुपये रोख, एक धोतरजोडा, एक घोंगडी, एक पायताण. खाली अंगठा. मग मधल्या महिन्यांत बारीक अक्षरात "दवाखान्यासाठी उचल", "पोरीच्या लग्नासाठी उचल". सालाच्या शेवटी एकच ओळ, "बाकी पुढे ओढली". पुढच्या सालालाही तीच ओळ. त्याच्या पुढच्या सालाला तिच्याखाली आणखी एक, "सोबत पोऱ्या, गुरांमागे". त्या पोऱ्याचा अंगठा नाही. बापाचाच.

माझे आजोबा माळकरी होते. पंढरीची वारी कधी चुकवली नाही. मुंगी दिसली तर पाय बाजूला टाकणारा माणूस. सालदाराला त्यांनी कधी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, हे मी खात्रीनं सांगतो. मग एवढ्या देवभोळ्या माणसाला "बाकी पुढे ओढली" लिहिताना काहीच का वाटलं नाही? हा प्रश्न मला आठ दिवस छळतोय. म्हणून आज जरा लांबलचक लिहितोय. वेळ असेल तर शेवटपर्यंत वाचा.

गुलामगिरी म्हटलं की आपल्याला अमेरिका आठवते. साखळदंड, जहाजं, कापसाचे मळे. तिथं १८६५ मध्ये यादवी युद्धानंतर घटनादुरुस्ती झाली आणि गुलामी बंद झाली. पण त्याआधी कित्येक वर्षं तिथल्या चर्चमध्ये वाद चालला होता, आणि दोन्हीकडच्या लोकांच्या हातात बायबलच होतं. गुलाम ठेवणाऱ्यांचे पाद्री सांगायचे की नोहाच्या शापामुळं ही माणसं सेवेसाठीच जन्माला आलीत. विरोधातले म्हणायचे, देवानं इजिप्तमधून गुलामांना सोडवून आणलं ते काय उगाच? पुस्तक एक, अर्थ दोन.

आपल्याकडं हा धागा सर्वात आधी पकडला जोतीराव फुल्यांनी. १८७३ मध्ये "गुलामगिरी" लिहिलं आणि ते अमेरिकेतल्या काळ्या गुलामांची सुटका करणाऱ्या तिथल्या लोकांना अर्पण केलं. त्याच वर्षी सत्यशोधक समाज काढला. पुण्यात बसून अमेरिकेची आठवण का काढली? कारण त्यांना दाखवायचं होतं की साखळदंड दिसत नाहीत म्हणून गुलामी नाही असं होत नाही. शूद्र-अतिशूद्रांच्या मनाला घातलेली बेडी धर्माच्या नावानं घातलेली आहे, आणि ती लोखंडाच्या बेडीपेक्षा तोडायला अवघड आहे.

आपल्या मुलखात उघड गुलामी नव्हतीच असंही नाही. पेशवाईच्या कागदांत कुणबिणी आणि बटकी यांची खरेदी-विक्री सापडते. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडं गेला. १८४३ मध्ये त्यांनी कायदा केला की यापुढं कोर्ट गुलामीचा हक्क मानणार नाही. गुलाम विकत घेणं हा गुन्हा ठरला तो नंतरच्या भारतीय दंडसंहितेत, १८६० च्या. म्हणजे कागदोपत्री गुलामी संपून दीडशेहून जास्त वर्षं झाली.

पण आपल्याकडची खरी मेख वेगळीच. इथं गुलामीला गुलामी म्हणतच नाहीत. तिला मान म्हणतात, हक्क म्हणतात, वतन म्हणतात.

महार वतन घ्या. सरकारी टपाल पोचवायचं, साहेबाचं सामान वाहायचं, गावाची राखण करायची, मेलेलं ढोर ओढायचं. दिवस-रात्र केव्हाही हाक येईल. घरचा कर्ता आजारी असेल तर घरातल्या दुसऱ्यानं जायचं. बदल्यात तुकडाभर इनाम जमीन आणि गावाकडून बलुतं. ते मागायचं कसं, तर दारात उभं राहून. इंग्रजांनी १८७४ च्या वतन कायद्यात ही व्यवस्था आणखी पक्की करून टाकली. १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात वतनाच्या सुधारणेचं विधेयक आणलं, ते मंजूर झालं नाही. आणि विरोध फक्त वरून नव्हता. वतन गेलं तर गावातला आपला हक्कच जाईल, अशी भीती खुद्द वतनदार महारांतल्याही काहींना वाटत होती. बेडीला हक्काचं नाव दिलं की ती काढणाराच शत्रू वाटायला लागतो. ही वतनं कायद्यानं बंद झाली ती १९५८ च्या कायद्यानं. स्वातंत्र्यानंतर अकरा वर्षांनी.

आता आपल्या चाळीसगावची गोष्ट. रोज तिथून गाड्या जातात, पण किती जणांना माहीत आहे कोण जाणे.

१९२९ साल. अस्पृश्यांच्या तक्रारी तपासायला मुंबई सरकारनं समिती नेमली होती, बाबासाहेब तिचे सदस्य. खानदेशचा दौरा त्यांच्याकडं होता. धुळे लाईनवरच्या एका गावात अस्पृश्यांवर बहिष्कार टाकला होता, त्याची चौकशी करून ते चाळीसगाव स्टेशनावर परत आले. तिथल्या महारवाड्यातल्या लोकांनी मुक्कामाचा आग्रह धरला होता. स्टेशनाबाहेर टांगे भरपूर. पण एकही टांगेवाला अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला तयार होईना. तासभर घासाघीस झाली. शेवटी तोडगा निघाला. टांगा भाड्यानं मिळेल, पण टांगेवाला हाकणार नाही. पाहुण्याला पायी कसं न्यायचं, म्हणून महारवाड्यातल्याच एकानं लगाम हातात घेतला. त्याला टांगा हाकायची सवय नव्हती. नदीवरच्या फरशीवर घोडा उधळला, चाक दगडावर आदळलं. बाबासाहेब फरशीवर फेकले गेले, टांगा आणि घोडा खाली नदीत. बाबासाहेबांचा पाय मोडला.

बाबासाहेबांनी हा प्रसंग पुढं स्वतः लिहून ठेवला. त्यांचा मुद्दा असा की पोटासाठी टांगा हाकणारा गरीब माणूससुद्धा बॅरिस्टरपेक्षा स्वतःला वरचा समजत होता, कारण धर्मानं त्याला तशी पायरी दिली होती.

मला त्या टांगेवाल्याचा विचार करावासा वाटतो. तो मालक नव्हता, जमीनदार नव्हता. त्याच्याकडं मोठेपणाची एकच गोष्ट होती, "याला मी बसवणार नाही" एवढं म्हणता येणं. आणि तेवढ्यासाठी तो त्या दिवसाचं भाडंही अर्धवट सोडायला तयार झाला. वरून खालपर्यंत प्रत्येकाला पाय ठेवायला एक डोकं देऊन ठेवलं की व्यवस्था आपोआप चालते. पहारेकरी लागत नाही.

पुढं ३१ जुलै १९३७ ला कोर्टाच्या कामासाठी बाबासाहेब धुळ्याला आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात राहिले. आजही दर ३१ जुलैला तिथं हजारो लोक जमतात. आपण त्याची बातमी करतो, गर्दीचा फोटो टाकतो. ते कशासाठी लढत होते हे त्या चार ओळींत बसत नाही.

आता धर्माकडं येतो, कारण आजोबांचा प्रश्न तिथं अडकलाय.

१९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे आणि साने गुरुजी ते लिहून घ्यायचे. "गीता प्रवचने" आपल्या धुळ्याच्या तुरुंगातली. गीतेतला स्वधर्म हा शब्द आमच्या घरातही रोज असायचा. त्याचा अर्थ आजोबा असा लावायचे की ज्यानं त्यानं आपापलं नेमून दिलेलं काम करावं. सालदारानं बैल हाकावेत, आपण हिशेब लिहावा, विठ्ठल सगळं बघतोय. वाईट हेतू नव्हता. पण या अर्थात सालदाराला सुटायला जागाच नव्हती.

तोच शब्द ऐकून, लिहून साने गुरुजींनी काय केलं? अमळनेरच्या प्रताप हायस्कूलचा हा मास्तर १९४७ मध्ये महाराष्ट्रभर फिरला आणि १ मे १९४७ ला पंढरपुरात उपोषणाला बसला. मागणी एकच, विठ्ठलाचं दार अस्पृश्यांना उघडा. ज्या चोखोबांचे अभंग वारीत म्हणायचे, त्यांची समाधी महाद्वाराबाहेर आणि त्यांच्या माणसांना आत मज्जाव. शेवटी दार उघडलं. आजोबा आणि गुरुजी, दोघांचा विठ्ठल एक, गीता एक. फरक एवढाच की गुरुजींनी आत उभं राहून बाहेरच्याला विचारलं. आजोबांनी विचारलं नाही.

१९५० मध्ये राज्यघटना आली. कलम १७ नं अस्पृश्यता संपवली, कलम २३ नं वेठबिगार. सतरावं सगळ्यांना पाठ आहे. तेविसावं कोणी सांगत नाही.

त्या तेविसाव्याची खरी परीक्षा आपल्याच शहाद्यात झाली. तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यात होतं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अंबरसिंग सुरतवंती नावाचा भिल्ल कार्यकर्ता आणि पुढं १९७२ मध्ये निघालेली श्रमिक संघटना, यांनी सालदारांना एकत्र केलं. मागण्या ऐका. मजुरी ठरलेली हवी. कामाचे तास ठरलेले हवेत. सुटी हवी. गेलेल्या जमिनी परत हव्यात. यात क्रांती वगैरे काय आहे? कुठल्याही कारकुनाला मिळतं तेवढंच मागितलं. पण तालुका हादरला, कारण सालदार पहिल्यांदाच "नाही" म्हणत होता.

१९७६ मध्ये वेठबिगार निर्मूलन कायदा झाला. त्यानं उचलीला धरलं. घेतलेल्या उचलीपायी माणसाला दुसरीकडं कामाला जायचं स्वातंत्र्य राहत नसेल तर ती वेठबिगारी, आणि ते कर्ज रद्द. १९८२ मध्ये दिल्लीतल्या एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सुप्रीम कोर्ट आणखी पुढं गेलं. किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबवून घेणं हीसुद्धा कलम २३ मधली सक्तीची मजुरीच. कारण भूक हीसुद्धा सक्तीच आहे.

आता कोणी म्हणेल, भाऊ, आजचा सालदार पूर्वीचा राहिला नाही. तोच भाव ठरवतो, मोबाईलवर बोलून दुसरा मालक बघतो. खरं आहे, आणि मला त्याचा आनंद आहे. शेतकऱ्याचेही हाल आहेत. कापसाला भाव नाही, त्यानं पैसे आणायचे कुठून? तीही बातमी मी लिहितो, लिहीत राहीन. पण चाळीसगाव, साक्री भागातून ऊसतोडीला जाणारी जोडपी बघा. मुकादमाची उचल घेऊन गेलेली, हंगाम संपला तरी उचल फिटत नाही, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा तोच मुकादम. "बाकी पुढे ओढली." चोपडी बदलली, ओळ तीच.

म्हणून मी माझ्यापुरते दोन प्रश्न ठरवलेत. या माणसाला मधेच काम सोडून जाता येतं का? आणि बापाची बाकी पोराच्या अंगावर येते का? पहिल्याचं उत्तर नाही आणि दुसऱ्याचं हो असेल, तर तिला करार म्हणा, साल म्हणा, मान म्हणा, घरच्यासारखं म्हणा, फरक पडत नाही.

काल मी टपरीवरच्या त्या गृहस्थांना शोधत गेलो. चोपडी सोबत नेली होती. त्यांनी पानं उलटली आणि एका अंगठ्यावर बोट ठेवलं. त्यांच्या वडिलांचा. "सोबत पोऱ्या" म्हणजे तेच. वय तेव्हा नऊ. शाळा सुटली ती तिथंच. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाले, "त्यानं काय व्हनार भाऊ. येत्या आखाजीले आमचं बी लिखा."

तर पुढच्या आखाजीची बातमी आधी सालदाराला विचारून लिहीन, हे इथं जाहीर करतो. तुमच्यापैकी कोणी सालदारकी केली असेल, तुमच्या वडिलांनी केली असेल, तर मला कळवा. नाव छापायचं नसेल तर छापणार नाही. आणि ज्यांच्या माळ्यावर आमच्यासारख्या चोपड्या असतील, त्यांनी त्या जाळू नका. एकदा उघडून वाचा.