गुलाबावरील काळे ठिपके

गुलाबाच्या पानांवर डिप्लोकार्पॉन रोझी या बुरशीमुळे होणारा रोग. या बुरशीची लैंगिक अवस्था एफ. ए. वुल्फ यांनी १९१२ मध्ये वर्णिली. रोगाने झाड सहसा मरत नाही. मात्र वारंवार पानगळ झाल्याने ते अशक्त होते आणि फुले कमी व लहान येतात.

लक्षणे : पानाच्या वरच्या बाजूस २ ते १२ मिमी. व्यासाचे गोलसर काळे ठिपके पडतात. भिंगातून पाहिल्यास ठिपक्याची कड झालरीसारखी तंतुमय दिसते. ठिपक्याभोवतीचा भाग पिवळा पडून पान गळते. रोग खालच्या पानांपासून वर चढतो. कोवळ्या फांद्यांवर जांभळट चट्टे येतात. भुरी रोगात मात्र पानांवर पांढरी पूड दिसते.

प्रसार : बीजाणू चिकट असल्याने पावसाच्या किंवा झारीच्या पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर पसरतात. पान सलग सुमारे सात तास ओले राहिले की संसर्ग होतो व साधारण ३ ते १६ दिवसांत ठिपके उमटतात. त्यामुळे महाराष्ट्रात पावसाळ्यात हा रोग बळावतो. गळलेली पाने आणि फांद्यांवरील चट्टे यांत बुरशी टिकून राहते.

नियंत्रण : ठिपका पडलेले पान पुन्हा निरोगी होत नाही, उपाय करायचे ते नव्या पालवीसाठी. रोगट पाने खुडावीत आणि आळ्यात गळलेली पाने वेचून जाळावीत किंवा खोल पुरावीत. पाणी सकाळी, बुंध्याशी द्यावे. कुंड्या दाटीने ठेवू नयेत. झाडाला ऊन व खेळती हवा मिळावी. पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरच्या सुमारास, छाटणी करून चट्टे पडलेल्या फांद्या काढाव्यात व कापांना बोर्डो मलम लावावे (मोरचूद १ किग्रॅ., चुना १ किग्रॅ., पाणी १० लिटर). एवढ्याने भागले नाही तरच मँकोझेबसारखे बुरशीनाशक वेष्टनावरील सूचनेनुसार, पानांच्या दोन्ही बाजूंना पोहोचेल असे फवारावे. एकच आंतरप्रवाही औषध सतत वापरल्यास बुरशी त्याला दाद देत नाही. फवारलेल्या झाडाच्या पाकळ्या गुलकंदासाठी मुळीच घेऊ नयेत.

प्रतिकारक वाण : अमेरिकेत विल्यम रॅडलर यांनी निपजवलेला ‘नॉक आउट’ हा गुलाब २००० मध्ये बाजारात आला, या रोगाला तो बराच प्रतिकार करतो. नवी लागवड करताना असा वाण निवडल्यास फवारणीची गरज पुष्कळ कमी होते.