डोंबाऱ्याचा खेळ आणि फर्नां पेलेझचे चित्र : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
रस्त्यावर खेळ करून पोट भरणाऱ्या माणसांची नोंद इतिहासाच्या लिखित साधनांत क्वचितच आढळते. जिथे ती आढळते, तिथे ती दुसऱ्या कोणीतरी केलेली असते. फ्रेंच चित्रकार फर्नां पेलेझ (1848-1913) याचे 1888 मधील डोंबाऱ्यांचे चित्र आणि वऱ्हाडातील कोल्हाटी-डोंबारी यांच्याविषयीची शासकीय नोंद यांचा प्रस्तुत लेखात एकत्रित विचार केला आहे.

चित्राचे स्वरूप :
पॅरिसच्या 1888 च्या सालोन प्रदर्शनात मांडलेले हे चित्र सुमारे सव्वासहा मीटर रुंद असून आज ते तेथील पेती पॅले संग्रहालयात आहे. खेळापूर्वी गिऱ्हाईक जमविण्यासाठी तंबूबाहेर उभे राहिलेले कलावंत हा त्याचा विषय होय. डावीकडे लहान मुले, मध्यभागी विदूषक आणि उजवीकडे थकलेले वृद्ध वादक अशी रचना असल्याने संपूर्ण आयुष्यच एका रांगेत उभे राहते. त्यातील एक मूल रडत आहे. पेलेझ हा अकादमिक परंपरेतील काबानेल याचा शिष्य. परंतु पुराणकथांसाठी वापरले जाणारे भव्य आकारमान त्याने येथे दारिद्र्याला दिले.

कायदा आणि वास्तव :
फ्रान्सने 7 डिसेंबर 1874 रोजी फिरत्या व्यवसायांतील बालकांच्या संरक्षणाचा कायदा केला होता. त्यानुसार परक्यांना सोळा वर्षांखालील, तर आईवडिलांना स्वतःच्या बारा वर्षांखालील मुलांना कसरतीत उतरविण्यास मनाई होती. कायद्यास चौदा वर्षे झाल्यावरही चित्रकारास हा विषय मांडावासा वाटला, ही बाब लक्षणीय आहे. मात्र असे चित्र चित्रशाळेत रचले जाते. त्यामुळे ते घटनेचा थेट पुरावा नसून तत्कालीन दृष्टीचा पुरावा ठरते.

वऱ्हाडचा संदर्भ :
त्याच काळात आजचा यवतमाळ जिल्हा वणी जिल्हा म्हणून ओळखला जात होता. 1905 मध्ये त्यास यवतमाळ हे नाव मिळाले. वऱ्हाडातील आठवडी बाजारात ढोलकीच्या तालावर वेळू आणि दोरावरच्या कसरती हा परिचित खेळ होता. रसेल व हिरालाल यांच्या 1916 च्या ग्रंथात कोल्हाट्यांची नोंद आहे. परंतु ती जातीची नोंद आहे, माणसांची नव्हे. इंग्रजी सत्तेने भटकंतीकडे संशयाने पाहिले. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा 1911 मध्ये संपूर्ण ब्रिटिश हिंदुस्थानास लागू करण्यात आला व 1952 मध्ये रद्द झाला. फ्रेंच कायद्यापुढे मूल होते, तर या कायद्यापुढे संपूर्ण जमातच होती.

निष्कर्ष :
पेलेझने चेहरे दिले, पण नावे दिली नाहीत. वसाहतकालीन ग्रंथाने जमातीचे नाव दिले, पण चेहरा दिला नाही. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (1980) आणि किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’ (1994) या आत्मकथनांनी मात्र भटक्यांचे जगणे त्यांच्याच शब्दांत मांडले. म्हणून चित्र, शासकीय नोंद आणि आत्मकथन ही तिन्ही साधने एकमेकांसमोर ठेवूनच रस्त्यावरील कलावंतांचा इतिहास लिहावा लागेल. अन्यथा रांगेतील त्या रडणाऱ्या मुलाबद्दल इतरांना काय वाटले, एवढेच आपल्या हाती उरेल.