नौलखात मुक्कामाला

अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यात, डमरस्टन गावाजवळच्या टेकडीवर ‘नौलखा’ नावाचं लांबट, अरुंद घर आहे. १८९३ मध्ये लेखक रुडयार्ड किपलिंगनं ते बांधून घेतलं. आज आठ जणांचं कुटुंब किंवा मित्रमंडळी हे अख्खं घर सुट्टीसाठी भाड्यानं घेतात. तिथेच रांधतात, जेवतात, किपलिंगच्या टबात अंघोळ करतात, त्याच्या अभ्यासिकेत बसून वाचतात. एरवी अशा वस्तू दोरीपलीकडूनच पाहायच्या असतात.

ही रीत रुजली इंग्लंडमध्ये. १९६० नंतरची ती वर्षं पाडापाडीची होती. लंडनच्या युस्टन स्थानकाची भव्य कमानसुद्धा तेव्हा वाचली नाही. थोरामोठ्यांचे वाडे सांभाळायला नॅशनल ट्रस्टसारखी संस्था होती, पण कालव्याकाठची घरं, एकाकी मनोरे, छोटी देवळं यांना कुणी वाली नव्हता. सर जॉन स्मिथ आणि त्यांच्या पत्नी ख्रिश्चन यांनी १९६५ मध्ये लँडमार्क ट्रस्ट काढला. त्यांचा हिशेब सरळ होता: पडकी वास्तू नीट दुरुस्त करायची, सुट्टीपुरती भाड्यानं द्यायची आणि त्या भाड्यातून तिची देखभाल चालवायची. या घरांत टीव्ही ठेवला नाही. त्याऐवजी त्या वास्तूचा इतिहास सांगणारी वही, निवडक पुस्तकं आणि पाहुण्यांनी अनुभव लिहायची नोंदवही ठेवली.

या विचाराची खरी ताकद नौलखात कळते. इथल्या मुख्य खोल्या पूर्वेकडे, कनेक्टिकट नदीच्या खोऱ्याकडे उघडतात आणि मागच्या बाजूनं बोळ जातो. किपलिंगच्या अभ्यासिकेत जायचं तर आधी पत्नी कॅरीची खोली ओलांडावी लागते. ती तिथे बसायची, त्यामुळे आगंतुकांना आत शिरता येत नसे. ‘द जंगल बुक’ची जुळणी या शांततेत झाली. नकाशावर हे सगळं समजतं, पण एका बिऱ्हाडानं चार दिवस तिथे वावरलं की बोळातली वर्दळ आणि आतली निवांत खोली यांतला फरक अंगवळणी पडतो. घर जपायचं म्हणजे हे वावरणंही जपायला हवं, असं मला ठामपणे वाटतं.

घराचं नाव लाहोरच्या किल्ल्यातल्या नौलखा मंडपाशी नातं सांगतं. किपलिंगचा जन्म मात्र आपल्या मुंबईचा, १८६५ सालचा, जे. जे. कलाशाळेच्या आवारातला. वडील लॉकवुड किपलिंग तिथे शिकवत. व्हरमाँटमध्ये तो फार काळ राहिला नाही. मेहुण्याशी भांडण कोर्टात गेलं आणि १८९६ मध्ये कुटुंबानं अमेरिका सोडली. पुढे घर विकलं गेलं आणि विसाव्या शतकाच्या मध्यापासून कित्येक वर्षं बंद पडून राहिलं. पण बरंचसं मूळचं सामान आतच होतं, आणि हे नशीबच म्हणायचं.

१९९२ मध्ये लँडमार्क ट्रस्टनं ते घेतलं, दुरुस्त केलं आणि मुक्कामाला खुलं केलं. पुढे अमेरिकेतली शाखा स्वतंत्र झाली. आता ती जवळच्याच स्कॉट फार्मच्या सफरचंदबागेतलं डटन फार्महाऊसही याच पद्धतीनं चालवते.