पोसण्याची ऐपत

अमेरिकेत राहणाऱ्या नवऱ्याला बायकोला तिकडे न्यायचं असेल, तर तिला पोसण्याची आपली ऐपत आहे हे आधी सरकारपुढे सिद्ध करावं लागतं. त्यासाठी भारतातून जे कागद लागतात, ते मी वेस्ट मांबलममध्ये बसून वर्षानुवर्षं तयार केले. मी मूळची साताऱ्याची. लग्न होऊन मद्रासला एका तंजावरी मराठी घरात आले आणि आर्य गौडा रोडजवळच्या त्या घराच्या पुढच्या खोलीत ऑफिस थाटलं. इथे चार्टर्ड अकाउंटंटला ऑडिटर म्हणतात, म्हणून सगळ्या गल्लीची मी ‘ऑडिटर मामी’ झाले.

हे काम आमच्या भागात इतकं का यायचं, याचं उत्तर वस्तीच्या इतिहासात आहे. रेल्वेच्या पूर्वेला १९२०च्या दशकात तलाव आटवून त्यागराय नगर आखलं गेलं आणि तिथे बंगले उठले. पश्चिमेला कारकून, शिक्षक, टपाल आणि रेल्वेतली माणसं राहिली. १९३१ साली बीच ते तांबरम विजेची लोकल सुरू झाली, तशी मांबलम स्टेशनवरून हायकोर्टाकडे, सेक्रेटरिएटकडे जाणं सोपं झालं. या लोकांकडे शेतीवाडी नव्हती, मोठ्या ठेवी नव्हत्या. जे होतं ते मुलांच्या शिक्षणात घातलं. १९६५ साली अमेरिकेने जुनी कोटापद्धत मोडीत काढणारा कायदा केला आणि गिंडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून, आयआयटीतून बाहेर पडलेली यांची मुलं तिकडे निघाली. मुलं गेली की लग्नं आली, लग्नं आली की कागद आले.

बाहेरून येणाऱ्याला पोसणार कोण, हा प्रश्न मात्र फार जुना आहे. इंग्लंडात १६०१च्या कायद्याने गरिबांचा भार पॅरिशवर टाकला आणि १६६२च्या कायद्याने, उद्या भार होईल असं वाटणाऱ्या परक्या माणसाला त्याच्या मूळ पॅरिशमध्ये परत पाठवायची मुभा दिली. लग्न झालेल्या बाईची पॅरिश ही नवऱ्याची पॅरिश. न्यूयॉर्क आणि मॅसॅच्युसेट्सने हीच रीत समुद्रापार नेली. जहाजाच्या कप्तानाकडून प्रवाशांसाठी जामीन घेतला जाई. १८७०च्या दशकात सुप्रीम कोर्टाने राज्यांचा हा अधिकार काढून घेतला आणि ३ ऑगस्ट १८८२ रोजी काँग्रेसने सगळ्या देशासाठी कायदा केला: जो स्वतःचा सांभाळ करू शकणार नाही, सार्वजनिक भार होईल, त्याला उतरू द्यायचं नाही. शिवाय दर परदेशी प्रवाशामागे पन्नास सेंट कर.

त्यानंतर दहा महिन्यांनी, ४ जून १८८३ला, अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी न्यूयॉर्क बंदरात उतरल्या. मराठी घरात ही गोष्ट शिक्षणाची म्हणून सांगतात. मला त्यात माझ्या धंद्याचाही एक धागा दिसतो. इथे बायको पुढे गेली होती आणि नवरा श्रीरामपूरला पोस्टाच्या नोकरीत मागे राहिला होता. प्रवासासाठी दागिने विकले होते. तिकडे त्यांची जबाबदारी घेतली ती न्यू जर्सीतल्या रोझेलच्या कार्पेंटरबाईंनी. ना नातं, ना गाठभेट, सारी ओळख पत्रांतली. त्या कायद्यात जबाबदारी घेणाऱ्याने सही करायचा फॉर्मच नव्हता. समोर उभ्या असलेल्या माणसाकडे बघून अधिकारी ठरवत असे.

पुढे दार बंद झालं. कॅनडाने १९०८ साली आशियातून येणाऱ्याकडे दोनशे डॉलर असलेच पाहिजेत असा हुकूम काढला; तिथे राबणाऱ्या शीख मजुरांना बायकामुलं आणण्याची वाट पहिल्या महायुद्धानंतरच मोकळी झाली. अमेरिकेने १९१७ साली आशियाचा मोठा पट्टा वगळला, त्यात हिंदुस्थान होता. १९४६ साली बंदी उठली, ती वर्षाला शंभर माणसांपुरती. दरम्यान, येणाऱ्याला पारखण्याचं काम अमेरिकन बंदरावरून परदेशातल्या कॉन्सुलच्या टेबलावर आलं होतं. महामंदीत, सप्टेंबर १९३०मध्ये, हूव्हर सरकारने कॉन्सुलांना सांगितलं की भार होण्याची शक्यता काटेकोरपणे तपासा. तिथून पुढे अमेरिकेतल्या नातेवाइकाचं प्रतिज्ञापत्र, त्याच्या पगाराचा दाखला, बँकेचं पत्र ही कागदांची माळ सुरू झाली. नाझींपासून पळू पाहणाऱ्या ज्यू कुटुंबांचे जीव अशा प्रतिज्ञापत्रांवर टांगलेले होते.

माझ्या मोठ्या जाऊबाई १९७२ साली ह्यूस्टनला गेल्या, तेव्हा त्यांना दोन सरकारांचं समाधान करावं लागलं. जेमिनी चौकातल्या अमेरिकन कॉन्सुलेटला हवं होतं भाऊजींचं प्रतिज्ञापत्र आणि कंपनीचं पत्र, की ही बाई अमेरिकेच्या डॉलरांवर भार होणार नाही. आणि राजाजी सालैवरच्या रिझर्व्ह बँकेला हवा होता पी फॉर्म, की ही बाई भारताचे डॉलर बाहेर नेणार नाही, तिचा तिकडचा सगळा खर्च तिचा नवरा करणार आहे. हातात मिळाले आठ डॉलर. जाऊबाईंनी गणितात एम.एस्सी. केलं होतं आणि लग्नाआधी कॉलेजात शिकवलं होतं. दोन्हीकडच्या कागदांत त्यांच्या कमाईला एक ओळसुद्धा नव्हती. ही गोष्ट त्या आजही सांगतात आणि सांगताना त्यांचा आवाज चढतो.

एक नोंद इथेच केली पाहिजे. सगळे नवरेच बायकांना नेत होते असं नाही. केरळच्या कितीतरी नर्सेस त्याच काळात आधी एकट्या गेल्या, रात्रपाळ्या केल्या आणि मग नवऱ्यांना बोलावून घेतलं. ऐपतीचा दाखला बायकोने द्यायचा आणि भार होणार नाही ना हे नवऱ्याचं तपासायचं, हे त्यांनी करून दाखवलं.

त्या वेळच्या प्रतिज्ञापत्राला, म्हणजे आय-१३४ फॉर्मला, कायद्याचा दात नव्हता. १९५०च्या दशकात न्यूयॉर्क आणि मिशिगनमधल्या कोर्टांनी ठरवलं होतं की ही नैतिक हमी आहे, करार नव्हे. तिच्या आधारे पैसे वसूल करता येणार नाहीत. १९९६च्या कायद्याने हे उलटवलं. १९ डिसेंबर १९९७पासून आय-८६४ आला, आणि सही करणाऱ्याला कोर्टात खेचता येईल असा तो करार आहे. रक्कमही ठरली: सरकारी दारिद्र्यरेषेच्या सव्वापट. २०२५च्या आकड्यांप्रमाणे नवरा-बायको दोघांसाठी ती वर्षाला २६,४३७ डॉलर होते.

ही दारिद्र्यरेषा आली कुठून ते मी मुद्दाम शोधलं होतं, कारण ज्या आकड्याखाली मी सही करायची त्याचा उगम मला माहीत हवा होता. सोशल सिक्युरिटी खात्यात मॉली ओर्शान्स्की नावाची संशोधक होती, युक्रेनमधून आलेल्या गरीब कुटुंबातली. तिने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला शेतकी खात्याचा काटकसरीचा आहार घेतला, त्याचा खर्च काढला आणि तिनाने गुणला. कारण १९५५च्या पाहणीत घराच्या करोत्तर उत्पन्नाचा सुमारे तिसरा हिस्सा अन्नावर जात होता. त्यानंतर दर वर्षी महागाईप्रमाणे आकडा फक्त वाढवत नेला. म्हणजे आजही मांबलमच्या मुलीला व्हिसा मिळावा की नाही याच्या मुळाशी एका कुटुंबाच्या भाजी-पावाचा हिशेब आहे. सप्तपदीतलं पहिलं पाऊल अन्नासाठी असतं. लग्नाच्या मांडवात नवरा जे कबूल करतो तेच त्याला आय-८६४वर पुन्हा कबूल करावं लागतं, एवढंच की दुसऱ्या खेपेला साक्षीदार अमेरिकन सरकार असतं.

माझं खरं काम सुरू व्हायचं ते नवऱ्याचा पगार कमी पडला की. विद्यार्थीदशेतून नुकता बाहेर पडलेला मुलगा, नोकरी सुटलेला मुलगा. मग मालमत्ता दाखवता येते. नागरिकाच्या बायकोसाठी तुटीच्या तिप्पट, ग्रीन कार्डवाल्याच्या बायकोसाठी पाचपट. पण ती वर्षभरात रोख करता आली पाहिजे आणि देशाबाहेर नेता आली पाहिजे. इथे मांबलमचं सगळं गुंतागुंतीचं घरदार माझ्या टेबलावर यायचं. जुनी बैठी घरं पाडून बिल्डरबरोबर फ्लॅट झालेले. त्यामुळे फ्लॅट म्हणजे इमारतीतलं घर अधिक जमिनीतला अविभाजित हिस्सा, इथल्या भाषेत यूडीएस. त्याची ईसी, म्हणजे जमिनीवर बोजा नसल्याचा निबंधक कार्यालयातला दाखला. पट्टा, म्हणजे जमिनीच्या मालकीची महसुली नोंद. सरकारी गाइडलाइन व्हॅल्यू एक आणि बाजारभाव दुसरा. व्हॅल्युअरने कोणता धरला ते लिहून घ्यायचं. मुलीचं सोनं पवनात मोजायचं, एक पवन आठ ग्रॅम, आणि सराफाचा दाखला जोडायचा. साताऱ्याच्या मला तोळ्यांतून पवनात यायला फार दिवस लागले. शेवटी नेट वर्थ सर्टिफिकेट, आणि २०१९पासून त्यावर दाखला खरा असल्याची पडताळणी करता येईल असा यूडीआयएन क्रमांक. बाप लोक रिझर्व्ह बँकेचा नियम विचारायचे, कारण पी फॉर्मची भीती त्यांच्या पिढीतून गेली नव्हती. आता माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवता येतात, हे सांगितलं तरी ते पुन्हा विचारायचे.

लंडनची प्रकरणं याहून कठोर. २०१२मध्ये ब्रिटनने जोडीदार आणण्यासाठी १८,६०० पौंडांच्या उत्पन्नाची अट घातली आणि एप्रिल २०२४मध्ये ती २९,००० केली. उत्पन्न नसेल तर ८८,५०० पौंड रोख, तेही सहा महिने खात्यात. फ्लॅट, सोनं तसंच दाखवून चालत नाही, आणि मुलगी इथे कितीही कमवत असली तरी तिची इथली नोकरी मोजत नाहीत. कॅनडा बायकोसाठी उत्पन्नाची अट सहसा घालतच नाही, तीन वर्षांची हमी घेतो. लग्नाची किंमत असा आकडा लावून ठरवणं मला अन्यायाचं वाटतं, आणि ब्रिटनचा नियम तर उघड अन्यायाचा.

आय-८६४बद्दल मात्र माझं मत काळाबरोबर बदललं. तो लिहिला गेला सरकारी तिजोरी राखण्यासाठी, पण वाचून पाहिला तर तो बायकोच्या हातातलं शस्त्र आहे. ती नागरिक होईपर्यंत, किंवा तिच्या नावावर कामाच्या चाळीस तिमाह्या, म्हणजे साधारण दहा वर्षं, जमा होईपर्यंत, किंवा ती तो देश कायमचा सोडेपर्यंत नवऱ्याची जबाबदारी संपत नाही. घटस्फोटानेही संपत नाही. तिला सव्वापट दारिद्र्यरेषेपर्यंत सांभाळलं नाही तर ती स्वतः त्याच्यावर दावा लावू शकते. २०१२ साली शिकागोच्या फेडरल अपील कोर्टात एका चिनी स्त्रीच्या प्रकरणात न्यायमूर्ती रिचर्ड पोस्नर यांनी स्पष्ट केलं की ती नोकरी शोधत नव्हती या कारणाने हा हक्क कमी होत नाही. आपल्याकडे पोटगीचे खटले बघितलेल्या बाईला याचं मोल कळतं.

पण हा कागद नवरा भरतो, तिकडचा वकील तपासतो, आणि मुलगी त्याची फाइल मुलाखतीला घेऊन जाते, बहुतेक वेळा न वाचता. म्हणून मी नेट वर्थ सर्टिफिकेट देताना मुलीला समोर बसवून आय-८६४ तमिळमध्ये किंवा मराठीत वाचून दाखवायची आणि त्याची एक प्रत तिच्या स्वतःच्या बॅगेत, पासपोर्टपासून वेगळी, ठेवायला सांगायची. काही सासवांना ते रुचायचं नाही. लग्न होत नाही तोच घटस्फोटाची भाषा कशाला, असं एकजण माझ्या तोंडावर म्हणाली. मी वाचणं थांबवलं नाही.

ऑफिस बंद करण्याआधीच्या शेवटच्या काही फायलींतली एक ब्रिंदावन स्ट्रीटवरच्या मुलीची होती. नवरा न्यू जर्सीत, पीएच.डी. संपवून अर्धवेळ शिकवणारा, उत्पन्न रेषेच्या खाली. ही ओल्ड महाबलिपुरम रोडवरच्या सॉफ्टवेअर कंपनीत, घरून काम करणारी. बायकोचं उत्पन्न तिकडे गेल्यावरही त्याच ठिकाणाहून चालू राहणार असेल तर ते धरता येतं, अशी आय-८६४मध्ये सोय आहे. वर्षानुवर्षं ती कुणाच्या उपयोगी पडली नव्हती, कारण देश सोडला की नोकरी सुटायची. तिने कंपनीकडून पत्र आणलं की न्यू जर्सीतूनही तिची नोकरी आणि पगार कायम राहील. फॉर्म १६, आयकराची विवरणपत्रं, पगाराच्या स्लिपा आम्ही लावल्या. फ्लॅट, ईसी, सोन्याचा दाखला काहीच लागलं नाही. मुलाखत मुंबईला झाली आणि व्हिसा मिळाला. मी ह्यूस्टनला जाऊबाईंना फोन करून त्या फायलीतले आकडे वाचून दाखवले. त्यांनी मला मुलीचा पगार पुन्हा एकदा सांगायला लावला.